तेलाचे मशीन, इन्व्हर्टर आणि दुरुस्तीचा धंदा

महाराष्ट्रातील फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये अनेक दशके वेल्डिंगसाठी जे यंत्र वापरले जाई, तो मुख्यतः लोखंडी टाकीत तेलात बुडवलेला एक भला मोठा ट्रान्सफॉर्मर असे. विजेचा दाब उतरवून प्रवाह वाढवणे एवढेच त्याचे काम असल्यामुळे त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि जे बिघडे ते डोळ्यांना दिसे किंवा नाकाला कळे: वाइंडिंगवरचे इन्सुलेशन जळे, तेल काळे पडे, टर्मिनल तापून सैल होई. मोटारी रिवाइंड करणारा कारागीरच हे यंत्रही दुरुस्त करी, कारण तांब्याची तार, कागद आणि वॉर्निश ही त्याची सामग्री दोन्हीकडे सारखीच होती. बेनार्डोस आणि ओल्शेव्स्की यांनी १८८५ च्या सुमारास कार्बनच्या कांडीने विद्युत ठिणगी साधून धातू जोडण्याचे पेटंट घेतले, स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लेप दिलेला रॉड आणला, आणि भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या अडवाणी-ओर्लिकॉन कंपनीने असे रॉड देशातच बनवण्यास सुरुवात केली. या साऱ्या काळात रॉड सुधारत गेला, तरी त्याला वीज पुरवणारे साधे यंत्र दुरुस्तीच्या दृष्टीने फारसे बदलले नाही.

बदल घडला तो वारंवारतेमुळे, म्हणजे प्रवाह सेकंदाला किती आवर्तने पूर्ण करतो त्या संख्येमुळे. ही संख्या जितकी वाढते तितका तोच दाब पेलणारा ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान करता येतो; म्हणून सेकंदाला ५० आवर्तनांची घरगुती वीज आधी एकदिश करून मग सेकंदाला हजारो वेळा तोडली, तर दोघांनी उचलायचे यंत्र एका हातात मावते. मात्र अशा वेगात पोलादी पत्र्यांचा गाभा तापून निकामी होतो, आणि त्यासाठी लागणारा फेराइट, म्हणजे लोहाच्या व इतर धातूंच्या ऑक्साइडांपासून भट्टीत भाजून केलेला ठिसूळ चुंबकीय पदार्थ, जपानमध्ये काटो आणि ताकेई यांनी १९३० मध्येच तयार केला होता. उणीव होती ती मोठा प्रवाह वेगाने तोडू शकणाऱ्या स्विचची. फिनलंडच्या केंपी कंपनीने १९७७ मध्ये इन्व्हर्टर पद्धतीचे वेल्डिंग यंत्र बाजारात आणले तेव्हा आजचा आयजीबीटी अस्तित्वात नव्हता. तो पुढच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये घडला, आणि त्यामागील प्रमुख नाव आयआयटी मद्रासचे पदवीधर जयंत बालिगा यांचे होते. आयजीबीटी म्हणजे दाबाच्या लहानशा संकेतावर, जवळजवळ प्रवाह न घेता, उघडणारा व बंद होणारा मोठ्या शक्तीचा ट्रान्झिस्टर होय.

या यंत्राने दुरुस्तीचा धंदाच बदलला, कारण जळालेला भाग आणि बिघाडाचे मूळ यांची फारकत झाली. २३० व्होल्टची वीज ब्रिज रेक्टिफायरमधून जाऊन कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा एकदिश दाब साठतो, आयजीबीटीच्या जोड्या तो आळीपाळीने फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरला देतात, आणि त्यांना केव्हा उघडायचे व केव्हा मिटायचे हे एसजी ३५२५ सारखी एखादी चिप ठरवते. समोरासमोरचे दोन स्विच क्षणभर जरी एकत्र उघडे राहिले तरी साठलेली सगळी ऊर्जा त्यांच्यातूनच ओतली जाते. फुटलेला आयजीबीटी लगेच दिसतो, पण त्याला चुकीचा संकेत देणारा, किंमत जेमतेम रुपया-दोन रुपये असलेला झेनर डायोड किंवा गेटवरचा, म्हणजे संकेत घेणाऱ्या टोकावरचा, तुटलेला रेझिस्टर दिसत नाही. केवळ आयजीबीटी बदलून यंत्र सुरू करणाऱ्याच्या हाती पहिल्याच ठिणगीला नवा जळालेला संच येतो.

बिघाडाची कारणे पुष्कळदा जुन्या सवयींतूनच आली. तेलाची अनेक यंत्रे दोन फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर, चालत. त्याच सवयीने वेल्डरने एका फेजचे लहान इन्व्हर्टर यंत्र दोन फेजना जोडले, तर कॅपॅसिटरवर सुमारे ५८७ व्होल्ट चढतात, आणि ४०० किंवा ४५० व्होल्टचे कॅपॅसिटर फुगून फुटतात. शेजारीच ग्राइंडर चालू असे, हेही जुनेच. तेलाच्या टाकीला त्याचा उपद्रव नव्हता, पण इन्व्हर्टरचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो, ती बोर्डावर बसते, आणि पावसाळ्याची ओल लागली की हीच भुकटी वीज वाहू लागते. या धुळीला बिघाडाच्या यादीत वरचे स्थान द्यावे लागेल.

त्यामुळे नव्या कारागिराची पद्धत उलट्या क्रमाची झाली. यंत्राची पिन काढल्यावरही कॅपॅसिटर भरलेलेच असू शकतात, म्हणून तो आधी ते रेझिस्टरमधून रिकामे करतो, मल्टीमीटरने ब्रिज आणि आयजीबीटी तपासून शॉर्ट झालेले उतरवतो, पण नवे लगेच बसवत नाही. कंट्रोल कार्डाला वेगळा, कमी दाबाचा पुरवठा देऊन तो ऑसिलोस्कोपवर गेटचे संकेत पाहतो: दोन्ही बाजूंचे संकेत एकमेकांआड आहेत का, आणि त्यांच्या मध्ये दोन्ही स्विच बंद असण्याचा लहानसा अवकाश उरतो का. ते जुळल्यावरच संपूर्ण संच, शक्यतो एकाच लॉटचा, बसतो, आणि यंत्र प्रथम सिरीजमध्ये टाकलेल्या तारेच्या बल्बमधून सुरू होते. कुठे शॉर्ट राहिलेला असेल तर बल्ब भडक पेटतो आणि आयजीबीटी वाचतो. एलईडी दिव्याने हे काम होत नाही.

हे कौशल्य अखेर टिकते की नाही हे बोर्डाच्या रचनेपेक्षा भावावर अधिक ठरत गेले. कंपन्यांची केंद्रे बहुधा पूर्ण कार्डच बदलतात, सर्किटचा नकाशा बाहेर मिळणे दुरापास्त असते, आणि स्वस्त यंत्राच्या बाबतीत दुरुस्तीची मजुरी नव्या यंत्राच्या किमतीला येऊन भिडते. तरीही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या बुधवार पेठेत सुटे भाग विकले जातात ते अशा कारागिरांसाठीही. बाजारात नाव खोडून नवे छापलेले बनावट आयजीबीटी शिरल्यामुळे काही कारागीर चकचकीत नव्या भागापेक्षा भंगारातल्या मूळ बोर्डावरून उतरवलेला, मल्टीमीटरने पारखून घेतलेला भागच अधिक विश्वासाने बसवतात.