कागदावरचा हक्क

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेवर कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मोफत मिळू लागले. २०१७ साली योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२४ पासून पांढरी शिधापत्रिकाही पात्र ठरली. मर्यादा पाच लाखांवर गेली.

परंतु महाड याच जिल्ह्यात आहे. तेथील नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे ठरावाने खुले केले होते. तरी पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. म्हणून मी विचारतो: पेण-अलिबागकडच्या वाडीतून वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकऱ्याजवळ शिधापत्रिका वा अधिवासाचा दाखलाच नसेल, तर ही पात्रता कोणाची? वाडीवर जाऊन तो कागद त्याच्या हाती देणे शासनाचे कर्तव्य आहे. ते करवून घेणे चळवळीचे.