तीन वर्षांत आमची भाषा शिका! (गोवा, १६८४)

बँकेच्या काउंटरवर मराठी बोलायचं की नाही, यावरून भांडणाचा एखादा व्हिडिओ दर आठवड्याला फिरतोच. खाली कॉमेंटही ठरलेल्या. एक म्हणतो, बाहेरून आलायस तर भाषा शिक. दुसरा म्हणतो, मला काय गरज? मंडळी, हा वाद आपल्या शेजारच्या गोव्यात चारशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय. आणि तेव्हा तो कॉमेंटवर थांबला नव्हता.

२४ ऑक्टोबर १५७९ ला लिस्बनहून निघालेलं एक जहाज गोव्याला लागलं. त्यात थॉमस स्टीफन्स नावाचा तिशीचा इंग्रज पाद्री होता. राज्य पोर्तुगीजांचं, म्हणजे पोर्तुगीजवर त्याचं आयुष्य आरामात निघालं असतं. पण हा सासष्टीच्या गावांत राहिला आणि कोकणी, मराठी शिकला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने कळवलं की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे. विल्यम जोन्सने संस्कृतबद्दल हीच गोष्ट कलकत्त्यात सांगितली ती १७८६ मध्ये, दोनशे वर्षांनी.

१६१६ मध्ये त्याचं ख्रिस्तपुराण राशोलला छापून आलं. जवळपास अकरा हजार ओव्या, त्याही मराठीत! देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत छापलं. त्यातली मराठीची स्तुती आपण सगळ्यांनी शाळेत घोकलीय. त्याने लिहिलेलं कोकणीचं व्याकरण तो गेल्यावर २१ वर्षांनी, १६४० मध्ये छापलं गेलं.

आता लगेच हार घालायला धावू नका. स्टीफन्स भाषा शिकला ते धर्मप्रसारासाठी. ज्यांच्यासाठी पुराण लिहिलं त्यांच्या जुन्या पोथ्या आधीच काढून घेतल्या होत्या, जाळल्याही होत्या. जुनी पुराणं बंद केलीत, मग दुसरं काहीतरी वाचायला द्या, अशी मागणी नव्या ख्रिस्ती लोकांनी केल्याचं त्याच ग्रंथात आलंय. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. लोकांशी बोलायचं तर कष्ट आपणच घ्यायचे, हे त्या माणसाला कळलं होतं. चर्चलाही कळलं होतं. १६०६ च्या धर्मपरिषदेने ठरवलं होतं की स्थानिक भाषा येत नसेल त्या पाद्र्याला गावचं चर्च सोपवायचं नाही.

कागदावर ठीक. पण परमुलखातून आलेल्या प्रत्येकाला असले कष्ट नको असतात. हळूहळू कंटाळा वाढला, आणि मग गाडी उलटी फिरली.

१६८३ च्या अखेरीस संभाजीराजे बारदेश-सासष्टीत घुसले. पोर्तुगीजांची पाचावर धारण बसली. व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने सेंट झेवियरची शवपेटी उघडून आपला राजदंड त्याच्या हाती ठेवला, अशी त्या दिवसांची हकिगत आहे. मोगल फौज जवळ आल्यामुळे राजांना मागे फिरावं लागलं. त्यानंतर काही महिन्यांतच, जून १६८४ मध्ये, याच व्हाइसरॉयने फर्मान काढलं: रयतेने, बायका आणि पुरुष दोघांनीही, आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला लागावं. यामागे भाषा न शिकलेल्या पाद्र्यांचा, खासकरून बारदेशातल्या फ्रान्सिस्कनांचा रेटा होता असं अभ्यासक मानतात.

म्हणजे बघा, मूठभर परक्यांनी कोकणी शिकायची ती राहिली बाजूला, अख्ख्या मुलखाने पोर्तुगीज शिकायची!

तीन वर्षांत कुठली भाषा मरते? बाजारात, शेतात, चुलीपाशी कोकणीच चालू राहिली. मार बसला तो लिहिण्या-छापण्याला. शिकायचं ते पोर्तुगीजमध्ये, अर्ज-खटला पोर्तुगीजमध्ये, आणि कोकणी म्हणजे नोकरचाकरांची बोली, हा समज घराघरात रुजला. (कोकणी की मराठी या वादात मी आज शिरत नाही. त्यावर कॉमेंटमध्ये मारामारी नको.)

पुढे १८५५ मध्ये कुन्य रिव्हारा नावाचा पोर्तुगीज अधिकारी सरकारचा मुख्य सचिव म्हणून गोव्यात आला. त्याने जुने कागद उपसले आणि १८५७ मध्ये स्टीफन्सचं व्याकरण पुन्हा छापलं. सोबत कोकणीच्या इतिहासावर लांबलचक निबंध लिहिला. त्या भाषेची आपल्याच लोकांनी काय दशा केली, ते त्यात पोर्तुगीजमध्ये स्पष्ट लिहिलंय.