मेसेंजरमधले दान आणि बाबासाहेबांचे अनुत्तरित पत्र



कुठलेही अ‍ॅप आज नवे फीचर आणते तेव्हा त्याच्या शेपटीला समाजसेवेची एखादी मोहीम बांधलेली असते. हे स्टिकर पाठवा, एवढे रुपये अमुक संस्थेला जातील. हा हॅशटॅग वापरा, झाड लावले जाईल. आपल्या पोरांना वाटते हा प्रकार आजचा आहे. तो चांगला जुना आहे, आणि त्याची मुळे शोधत गेलो तर आपण थेट १९३२ सालात जाऊन पोहोचतो. कसे ते सांगतो.

१ मार्च २००७ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक मोहीम सुरू केली. नाव होते 'आय'म'. इन्स्टंट मेसेजिंगची आद्याक्षरे आणि 'मी आहे' हे वाक्य, असा दुहेरी खेळ त्यात होता. त्या काळी व्हॉट्सअ‍ॅप जन्मालाही आले नव्हते. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून पोरे याहू मेसेंजरवर बसायची. अमेरिकेत विंडोज लाइव्ह मेसेंजर जोरात होता. मोहिमेची रीत अशी : मेसेंजरची नवी आवृत्ती घ्यायची, आपल्या नावापुढे एका संस्थेचा ठरावीक संकेत टाइप करायचा, की तिथे एक छोटे चिन्ह उमटते. मग तुम्ही गप्पा माराल तसतसा जाहिरातींच्या उत्पन्नातला 'काही भाग' त्या संस्थेला जाणार. यादीत अमेरिकन रेड क्रॉस होती, युनिसेफचा अमेरिकन निधी होता, स्तनांच्या कॅन्सरवर काम करणारी सुझन कोमेन ही संस्था होती, पर्यावरणवाले सिएरा क्लब होते, निर्वासित मुलांसाठीची मोहीम होती. पहिल्या वर्षी प्रत्येक संस्थेला किमान एक लाख डॉलर मिळतील अशी हमीही होती.

यात वाईट काय? वरवर पाहिले तर काहीच नाही. लाख डॉलर म्हणजे लाख डॉलर. एखाद्या निर्वासित मुलाच्या हातात त्यातून पुस्तक पडले असेल तर त्याला 'हे भांडवली दान आहे, परत कर' असे सांगायला मी जाणार नाही.

पण समाजशास्त्र शिकताना एक सवय लागते. कुठलीही योजना समोर आली की आधी विचारायचे, ठरवले कोणी? यादी कंपनीने ठरवली. वाटा कंपनीने ठरवला. वापरणाऱ्याने दिले काय, तर जाहिरातींकडे पाहणारे आपले डोळे आणि आपला वेळ. बदल्यात त्याला नावापुढे एक चिन्ह मिळाले, म्हणजे मी चांगला माणूस आहे हे चारचौघांना दाखवायची सोय. कंपनीला नव्या आवृत्तीचा प्रसार मिळाला. आणि ज्याच्या नावाने हे सगळे चालले तो निर्वासित, तो आजारी माणूस? तो या व्यवहारात कुठेच बसलेला नव्हता. तो फक्त चिन्हात होता.

आता १९३२ कडे येऊ.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. सहाच दिवसांनी, ३० सप्टेंबरला, मुंबईत मदन मोहन मालवीय यांच्या अध्यक्षतेखाली सभा होऊन अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय लीग स्थापन झाली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा. हीच संस्था पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखली गेली. सुरुवातीला बाबासाहेबांचेही नाव तिच्या मंडळावर होते. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघालेल्या बाबासाहेबांनी 'व्हिक्टोरिया' बोटीवरून १४ नोव्हेंबर १९३२ रोजी ठक्करांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते पत्र प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. आपल्याकडे पुणे करारावर रात्र रात्र भांडणे होतात, पण त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी लिहिलेल्या या पत्राची आठवण फार कमी जणांना असते.

बाबासाहेब त्यात म्हणतात की अस्पृश्यांच्या उद्धाराकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. पहिली असे मानते की माणूस दुःखात आहे तो त्याच्या स्वतःच्या वागणुकीमुळे, म्हणून त्याला सद्गुण शिकवा. दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालय, सहकारी पतपेढी, शाळा. दुसरी दृष्टी म्हणते की त्याच्या भोवतीची परिस्थितीच त्याला उठू देत नाही, म्हणून ती परिस्थिती बदला. बाबासाहेबांनी दुसरी बाजू घेतली. संघाने आपली सारी ताकद नागरी हक्कांवर लावावी असे त्यांनी सुचवले. गावच्या विहिरीवर पाणी, गावच्या शाळेत प्रवेश, चावडीत प्रवेश, सार्वजनिक वाहनांचा वापर. त्यात डोकी फुटतील हेही त्यांनी स्पष्ट लिहिले. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नाहीत, तिथे समान संधी मिळवून द्या असेही लिहिले. आणि शेवटी कळीचा मुद्दा : हे काम करणारे कार्यकर्ते अस्पृश्य समाजातूनच घ्या, कारण ज्याला त्या माणसाबद्दल प्रेम आहे तोच ते जीव ओतून करील.

या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात बाबासाहेबांनी ही हकीगत स्वतः नोंदवली आहे. संघ पहिल्या वाटेनेच गेला. पुढे अस्पृश्यांचे एक शिष्टमंडळ गांधीजींकडे गेले आणि मंडळावर आमचे प्रतिनिधी घ्या म्हणाले. त्यावर गांधीजींची भूमिका अशी की हे हिंदूंनी केलेल्या पापाचे प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंचा आहे, तेव्हा मंडळही हिंदूच चालवतील.

नीट पाहा. दान देणाऱ्याचे पाप धुतले जाणार, दान देणाऱ्याचा आत्मा शुद्ध होणार, आणि ज्याच्यासाठी ते चालले त्याला बैठकीत खुर्ची नाही. या संघावरच्या प्रकरणात बाबासाहेबांनी अशा मदतीला राजकीय दान म्हटले आणि दयेने मारण्याचा बेत म्हटले. मेसेंजरमधले ते छोटे चिन्ह आणि बिर्लांचा संघ यांत काळाचे, देशाचे, हेतूचे शंभर फरक आहेत, ते मला मान्य आहेत. गांधीजींना जाहिरात विकायची नव्हती. पण बैठकीतली रिकामी खुर्ची दोन्हीकडे एकच आहे.

मेसेंजर काही टिकला नाही. २०१३ साली मायक्रोसॉफ्टने तो गुंडाळून लोकांना स्काइपकडे वळवले. दानाची कल्पना मात्र टिकली आणि मोठी झाली. १० फेब्रुवारी २०१५ रोजी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर आपल्याकडे इंटरनेट डॉट ऑर्ग आणले, सहा राज्यांत, त्यात महाराष्ट्रही होता. गरिबांना फुकट इंटरनेट! प्रत्यक्षात ते इंटरनेट नव्हते. काही निवडक साइट फुकट, बाकी जगाला कुलूप. फुकट यादीत फेसबुक, त्यांचा मेसेंजर, विकिपीडिया, काही वर्तमानपत्रे, आणि हो, रिलायन्सचे ज्योतिषसुद्धा. गरिबाला काय वाचायला द्यायचे याचा विचार झाला तेव्हा कोणाला तरी वाटले की त्याला राशिभविष्य लागेल. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे वाचून हसावे की चिडावे कळत नाही.

पुढे त्याचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. ट्रायने डिसेंबर २०१५ मध्ये लोकांची मते मागवली तेव्हा फेसबुकने पानभर जाहिराती दिल्या आणि वापरणाऱ्यांना एका बटणावर तयार मजकुराचा ईमेल ट्रायला पाठवायला लावला. विचारलेल्या प्रश्नांना हे उत्तरच नव्हे, अशी तक्रार ट्रायलाच करावी लागली. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटाच्या भेदभावी दरांवर बंदी घातली आणि ती योजना भारतातून गेली. तेव्हा फेसबुकच्या संचालक मंडळावरचे मार्क अँड्रीसन चिडून ट्विटरवर लिहून गेले की वसाहतवादाला केलेल्या विरोधाने भारताचे आर्थिक नुकसानच केले आहे. ओरड झाल्यावर त्यांनी ते काढले, माफी मागितली. पण दान नाकारणाऱ्यावर दात्याचा राग कसा निघतो याचा तो स्वच्छ नमुना होता. 'एवढे देतो आणि वर हक्क मागतात' हे वाक्य आपण गावात ऐकलेले आहे.

आता ज्या घटनेसाठी मी हे सगळे लिहायला बसलो तिथे येतो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवारचा आठवडी बाजार. मुले पळवणारी टोळी फिरते आहे ही अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव पोहोचलेली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीतली पाच माणसे, बहुतेक मंगळवेढा भागातली, भिक्षा मागत तिथे आलेली. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारून टाकले. पाचही.

देशभर अशा हत्या चालू होत्या, सरकारने कंपनीला पत्रे लिहिली, कंपनी हलली. त्याच जुलैत पुढे पाठवलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' असा शिक्का आला. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या, खोटी बातमी कशी ओळखावी याच्या सूचना देणाऱ्या. वर्षअखेरीस संशोधकांच्या वीस गटांना पन्नास हजार डॉलर प्रत्येकी, असे दहा लाख डॉलर जाहीर झाले. पुढच्या वर्षी नॅसकॉम फाउंडेशनबरोबर डिजिटल साक्षरतेचे प्रशिक्षण. नवे फीचर आणि धर्मादाय मोहीम, हातात हात घालून. (योगायोग पाहा : १७ जुलै २०१८ या एकाच दिवशी याहू मेसेंजर कायमचा बंद झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींवर सरकारांना निर्देश दिले.)

मर्यादा वाईट होती असे मी म्हणत नाही. अफवेचा वेग कमी करणे गरजेचेच होते. पण एक प्रश्न त्या पानभर जाहिरातींत कुठेच नव्हता. अफवा सगळ्यांबद्दल होती, मग मार खाल्ला कोणी? त्या बाजारात परगावचे व्यापारीही असतील, कोणी शर्ट-पॅन्टवाला एजंटही असेल. संशय भगव्या कफनीतल्या, झोळीवाल्या, गाव नसलेल्या माणसांवरच का गेला? ती नजर व्हॉट्सअ‍ॅपने तयार केलेली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने फिरत्या माणसाकडे चोर म्हणून बघायला शिकवले, आणि त्याआधी जातीने शिकवले होते. १९५२ साली कायदा गेला, नजर राहिली. भटक्या-विमुक्तांच्या घरांचा, दाखल्यांचा, शिक्षणाचा प्रश्न मांडणारा रेणके आयोगाचा अहवाल २००८ पासून सरकारकडे पडून आहे. इदाते आयोगाचा अहवाल राईनपाड्याच्या त्याच वर्षीचा. पाच फॉरवर्डची मर्यादा तीन आठवड्यांत येऊ शकते, भटक्याला गाव मिळायला सत्तर वर्षे पुरत नाहीत.

इथे १९३२ चे पत्र पुन्हा उघडावे लागते. 'लोकांनो, शहाणे व्हा, मेसेज तपासा' हा पहिला मार्ग आहे, सद्गुण शिकवण्याचा. डवरी गोसाव्याला बाजारात निर्भय उभे राहण्याचा हक्क मिळवून देणे हा दुसरा. कंपनीकडून दुसऱ्याची अपेक्षाच नव्हती, ते तिचे कामही नाही. दुःख याचे की आपल्यातल्या बऱ्याच शिकलेल्यांनीही पहिल्यावरच समाधान मानले. मीही तेव्हा वस्तीत 'फेक न्यूज कशी ओळखावी' यावर दोन सत्रे घेतली होती. भटक्यांच्या पालावर मात्र गेलो नव्हतो.

एक गोष्ट कंपनीच्या बाजूने सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख लबाड होईल. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सर्व संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन दिले. त्यासोबत कुठले चिन्ह नव्हते, कोणाचा उद्धार नव्हता. पण ते दान नव्हते, वापरणाऱ्याच्या हातात आलेली ताकद होती. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदसाठी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या बाजूने देशभरातली आपली माणसे एकमेकांशी बोलली ती मोठ्या प्रमाणात याच फोनवर. २०१९ मध्ये पेगासस प्रकरण उघड झाले, सुमारे चौदाशे जणांवर पाळत ठेवण्याचा प्रयत्न झाल्याचे सांगत व्हॉट्सअ‍ॅपने त्या इस्रायली कंपनीला कोर्टात खेचले. भीमा कोरेगाव प्रकरणाशी संबंधित आनंद तेलतुंबडे, वकील निहालसिंग राठोड यांनी आपण त्या यादीत असल्याचे जाहीरपणे सांगितले. म्हणजे फीचर हा शब्द आला की नाक मुरडायचे असे नाही. ते हक्क वाढवते की देणाऱ्याचा चेहरा उजळवते, एवढे बघायचे.

आणि आपले काय? मार्च १९२७ ला महाडला परिषद भरली तेव्हा जमलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. ज्यांना तळ्यावर हक्क नव्हता त्यांनी पाणी विकत घेतले, आणि २० तारखेला तळ्यावर चालत गेले. पाण्याचे फुकट टँकर पाठवणारा दाता त्या दिवशी कोणी भेटला असता तर परिषद तिथेच संपली असती का, हा प्रश्न मला अधूनमधून छळतो.

आपल्याकडे ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला हार-फुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा ही मोहीम चालते. तीही व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पसरली. पैसा आपला, माणसे आपली, यादी आपली. मला तिचा अभिमान आहे. पण दोन वर्षांपूर्वी वह्या वाटून झाल्यावर मी ग्रुपवर टाकण्यासाठी मुलांना ओळीत उभे केले, बॅनर मागे धरला. सातवीतली एक मुलगी वही छातीशी धरून ओळीतून बाहेर आली. म्हणाली, "दादा, वही पाहिजे, फोटो नको." मी म्हणालो, अगं, देणाऱ्यांना दाखवावा लागतो. ती म्हणाली, "मग देणाऱ्यांचा काढा ना."

त्या वर्षी ग्रुपवर फोटो गेला नाही. तीन जणांनी विचारले, कार्यक्रम झाला की नाही? यंदाच्या बैठकीला आम्ही नववी-दहावीतल्या चार मुलांना बोलावले. त्यांनी वह्यांची यादी अर्धी खोडली आणि त्या जागी अभ्यासिकेची रात्रीची वेळ अकरापर्यंत करा असे लिहिले. समाजमंदिराच्या चावीवरून आता समितीशी भांडण चालू आहे.