मराठ्यांची हैदराबादेवर स्वारी

१७९५ साली खर्ड्याला मराठे आणि हैदराबादकर समोरासमोर आले, हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकले आहे. त्यानंतर २००५ च्या जानेवारीत ते गच्चीबावलीच्या कृत्रिम गवतावर हातात काठ्या घेऊन पुन्हा समोरासमोर आले, हे मात्र कुणी घोकत नाही. तेव्हा हा इतिहास लिहिण्याची जबाबदारी, बी.कॉम. असूनही, अस्मादिकांनी घेतली आहे.

प्रीमियर हॉकी लीग नावाची स्पर्धा निघाली होती. हैदराबादचे सुलतान, लखनौचे नवाब, चेन्नईचे वीरन आणि आपले मराठा वॉरियर्स. गाव मुंबई, कर्णधार खडकीचा धनराज पिल्ले, आणि पहिल्या हंगामाचे सगळे सामने हैदराबादेत! म्हणजे घरचे मैदान असे नाहीच. राघोबादादा अटकेपर्यंत गेले तरी परत यायला त्यांना पुणे होते.

पस्तीस मिनिटांचे दोन डाव मोडून साडेसतरा मिनिटांचे चार तुकडे केले होते. आम्ही त्याला आचरटपणा म्हणालो. (पुढे २०१४ साली आंतरराष्ट्रीय संघटनेनेच पंधरा मिनिटांचे चार तुकडे मान्य केले. आमचे मत कुणी विचारले नव्हते.) गोंदियात तेव्हा भारनियमन जोरात होते. एक तुकडा आम्ही पाहायचो, दुसरा अंधार पाहायचा.

'आम्ही' म्हणजे मी आणि आमच्या शाखेतला लेफ्ट आऊट. हा गडी खेळाच्या जोरावर बँकेत लागलेला. त्याची स्टिक लोखंडी कपाटामागे उभी असे आणि मुख्यतः वरच्या फळीवरचे जुने लेजर ओढायला उपयोगी पडे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "भाऊ, बिनपगारी रजा टाकतो अन् हैदराबादले जातो. खेळाचे पैसे देऊन रायले म्हणते."

"अन् पेन्शन?" मी विचारले.

तो गप्प झाला. मग मी त्याला कायम नोकरी, भविष्यनिर्वाह निधी आणि चक्रवाढ व्याज या विषयांवर डबा संपेपर्यंत व्याख्यान दिले. वाणिज्य शाखेच्या पदवीचा एवढा परिणाम कुणावर झालेला मी आजवर पाहिलेला नाही. त्याने अर्ज फाडला.

हिशेबाने पाहाल तर मीच बरोबर ठरलो. २००८ च्या मार्चमध्ये भारत सांतियागोला ब्रिटनकडून हरला आणि १९२८ नंतर पहिल्यांदा ऑलिंपिकला मुकला. पाठोपाठ हॉकी महासंघ निलंबित झाला आणि चार हंगाम झालेली लीग गुंडाळली गेली. मराठा वॉरियर्सही तिच्याबरोबर गेले. २०१२ मध्ये दुसरी लीग आली. तीत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स होते. पुणेकर अंतिम सामन्यापर्यंत पोचले, शेर-ए-पंजाबकडून हरले, आणि मग खेळाडूंचे पैसे थकल्याच्या बातम्या आल्या. दुसरा हंगाम आलाच नाही. २०१३ मध्ये तिसरी लीग आली. त्यात मुंबई मॅजिशियन्स! जादूगार ते जादूगारच, दोन वर्षांत अदृश्य. मग आली दबंग मुंबई. २०१७ चा अंतिम सामना ती कलिंगाकडून हरली आणि लीगच थांबली. २०२४ च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

ही रड काही आपलीच नव्हे. बाल्टिक समुद्राकाठी लॅटव्हियात लिएपाया म्हणून गाव आहे, आपल्या गोंदियाहून लहान. तिथल्या पोलादाच्या कारखान्याच्या नावाने बर्फावरच्या हॉकीचा पगारी संघ होता. तो देशाचा विजेताही अनेकदा झाला. २०१३ साली कारखाना दिवाळखोरीत गेला आणि बर्फ जागच्या जागी असताना संघ वितळला!

परवा हा सगळा इतिहास मी लेफ्ट आऊटला तारखांसह ऐकवला. शेवटी म्हणालो, "पाहा, तेव्हा गेला असतास तर आज कुठे असतास?"

त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. त्याची पन्नाशी आता फार दूर नाही. कपाटामागची स्टिक अजून तिथेच आहे.

"एखादी मॅच तं भेटली असती ना जी," तो म्हणाला.

मी पुढचे टोकन पुकारले.