इंदूरचे कंपोस्ट

शेतातील काडीकचऱ्याचे शास्त्रशुद्ध खत करण्याची इंदूर पद्धत होळकर संस्थानाच्या राजधानीत आकाराला आली. अल्बर्ट हॉवर्ड हे वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 मध्ये बिहारातील पुसा येथे आले होते. 1924 मध्ये इंदूरला सुरू झालेल्या संस्थेचे ते संचालक झाले. कापूस सुधारणे हे संस्थेचे मुख्य काम. पण तिचे सर्वांत मोलाचे देणे खताचेच ठरले.

पळाट्या, तुराट्या, तण, पालापाचोळा, शेण, गोमूत्रात भिजलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचले जात. टणक पळाट्या आधी रस्त्यावर पसरत, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात. बुरशी आणि जिवाणूंना हवा व ओलावा दोन्ही लागतात. म्हणून ढीग पाणी शिंपून तीनदा उलथला जाई. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होई.

खरी अडचण पावसाळ्याची होती. माळव्याच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. भरलेल्या खड्ड्यात हवा कोंडते आणि कुजण्याचे काम बिघडते. त्यामुळे त्या दिवसांत ढीग जमिनीवरच रचत. शेतातही वाहते पाणी चरांवाटे काढून देण्यावर हॉवर्ड यांचा भर होता. शेतकऱ्यांच्या जुन्या अनुभवाला त्यांनी दिलेला मान विशेष नोंदवण्याजोगा आहे.

सहकारी यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले त्यांचे या पद्धतीवरील पुस्तक 1931 मध्ये प्रसिद्ध झाले. हॉवर्ड यांच्या नावापुढे वाड यांचे नाव मागे पडले, हे अन्यायाचेच आहे.