शर्यत दोन कॉलेजांची, तिकीट रेल्वेचं

संशोधन आराखडा लिहायला बसलं की आपल्यापैकी बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'या परंपरेला अमुक वर्षांचा इतिहास आहे.' माझंही तेच होतं. आमच्या मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'खर्च कोणी केला?' तेव्हा राग आला होता. परंपरेचा विषय चाललाय आणि या हिशेब विचारतायत! पण त्या प्रश्नाने किती दारं उघडतात, ते नंतर कळलं. आज एक उदाहरण घेऊन ते तुम्हाला दाखवते.

अमेरिकेत हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांमध्ये होड्या वल्हवण्याची शर्यत होते. पहिली शर्यत 3 ऑगस्ट 1852 रोजी न्यू हॅम्पशर राज्यातल्या विनिपसॉकी तलावावर, सेंटर हार्बर या गावाजवळ झाली. अमेरिकेतल्या आंतरमहाविद्यालयीन खेळांची सुरुवात इथूनच मोजतात. साधारण दोन मैलांची शर्यत. हार्वर्डची आठ वल्ह्यांची 'ओनायडा' सुमारे दोन होड्यांच्या लांबीने जिंकली.

आता नकाशा उघडा. हार्वर्ड बॉस्टनला खेटून आहे, येल कनेटिकटमध्ये न्यू हेवनला. मग दोघांच्याही घरापासून लांब, उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या या तलावावर ही पोरं गेलीच कशाला? दोघांच्या मधली जागा म्हणावी तर तीही नाही. अशी न जुळणारी गोष्ट दिसली की थांबायचं. बहुतेक वेळा संशोधनाचा प्रश्न तिथेच दडलेला असतो.

उत्तर रेल्वेत सापडतं. बॉस्टन, कॉन्कॉर्ड अँड मॉन्ट्रिऑल रेल्वेचे रूळ 1840च्या दशकाच्या अखेरीस या तलावाकडे पोचले होते. 1849पासून 'लेडी ऑफ द लेक' नावाची आगबोट तलावावर फिरू लागली होती. रूळ होते, बोट होती, उतरायला हॉटेलं होती. हवे होते प्रवासी. या रेल्वेचे अधीक्षक जेम्स एल्किन्स यांनी येलच्या जेम्स व्हिटन या विद्यार्थ्यापुढे प्रस्ताव ठेवला: येल आणि हार्वर्डची शर्यत इथे जमवून आण, सगळा खर्च आमचा. पोरांना फुकटात सुट्टी, रेल्वेला गर्दी. व्हिटनने आपल्या क्लबला तयार केलं, येलने हार्वर्डला आव्हान पाठवलं आणि शर्यत ठरली. ती पाहायला हजारभर माणसं जमल्याचं सांगतात. फ्रँकलिन पियर्स हे न्यू हॅम्पशरचे पुढारी त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार होते. विजेत्यांना काळ्या अक्रोडाच्या लाकडाची, चांदी मढवलेली वल्ही त्यांच्याच हस्ते दिली गेली. म्हणजे निवडणुकीच्या वर्षात उमेदवारालाही व्यासपीठ मिळालं.

खेळाडूंची तयारी किती? हार्वर्डच्या गड्यांनी हाताला फोड येतील म्हणून सराव मोजकाच केला होता! नंतरच्या काळात या शर्यतीसाठी जीव टाकणारे संघ पाहिले की हे खरं वाटत नाही. 1852 मध्ये तिच्याकडे कोणी 'परंपरा' म्हणून बघतच नव्हतं. ते नाव मागाहून मिळालं.

इथवर आलं की हात शिवशिवतात. 'अमेरिकन कॉलेज-खेळ हा रेल्वेचा शोध आहे' असं झणझणीत शीर्षक सुचतं. मलाही सुचलं होतं. पण थांबा, इथेच घसरायला होतं. जे पुरावे आपल्या म्हणण्याच्या आड येतात ते आधी मांडायचे.

पहिला पुरावा: येलमध्ये 1843 पासून आणि हार्वर्डमध्ये 1844 पासून विद्यार्थी स्वतःच्या होड्या बाळगत होते. हौस रेल्वेच्या आधीची. दुसरा पुरावा: 1855 मध्ये दोघं पुन्हा भिडले ते मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला, कनेटिकट नदीवर. एल्किन्स यांचे रूळ तिथे नव्हते. आणि या वेळी तक्रारही झाली. हार्वर्डच्या होडीचं सुकाणू धरणारा गडी पदवी घेऊन बाहेर पडलेला होता, मग तो कॉलेजचा कसा? खेळाडू कोणाला म्हणायचं यावरून वाद झाला म्हणजे जिंकण्याला किंमत आली होती.

त्यापुढचा पुरावा दुःखद आहे. 1858 मध्ये हार्वर्ड, येल, ब्राउन आणि ट्रिनिटी या चार कॉलेजांनी मिळून शर्यतीची संघटना उभी केली. नियम, तारखा, सगळं विद्यार्थ्यांनीच ठरवलं. शर्यतीच्या आधी स्प्रिंगफील्डला येलच्या होडीची दुसऱ्या होडीशी टक्कर झाली आणि येलचा जॉर्ज डनहॅम हा विद्यार्थी बुडून गेला. त्या वर्षीची शर्यत रद्द झाली. तरी पुढच्याच वर्षी, 1859 मध्ये, वूस्टरच्या तलावावर पोरं परत उतरली. ते का उतरले, याचं उत्तर रेल्वेच्या हिशेबवहीत मिळणार नाही.

म्हणून माझा निष्कर्ष मी बेताने लिहिते: पैशाने शर्यतीची जागा आणि तारीख ठरवली, पण ती टिकली कशी हे त्यावरून समजत नाही. टिकण्यासाठी चुरस लागली, नियम लागले आणि कोणीतरी दर वर्षी निस्तरायची जबाबदारी घ्यावी लागली. अर्थात रेल्वेही सुटली नाही. 1878 पासून ही शर्यत न्यू लंडनच्या थेम्स नदीवर स्थिरावली (ही अमेरिकेतली थेम्स बरं का!). तिथे काठाकाठाने खास गाड्या धावायच्या. डब्यांत बसून लोक शर्यत बघायचे.

आता आपल्या कामाचा शेवटचा प्रश्न: ही एल्किन्स यांच्या प्रस्तावाची गोष्ट आपल्याला सांगतंय कोण? खुद्द व्हिटन. आणि कधी? 1901 मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. तोपर्यंत शर्यत नावारूपाला आली होती आणि तिचा जन्मदाता म्हणून मिरवण्यात मान होता. म्हणून त्याची आठवण खोटी ठरत नाही. पण ती एकटी पुरेशी नाही, हे टिपणवहीत लिहून ठेवायचं. मग त्या वेळची वर्तमानपत्रं, रेल्वेची कागदपत्रं, समोरच्या संघाच्या आठवणी शेजारी ठेवायच्या. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, ते नोंदवायचं.

आणि हो, व्हिटनची ओळख मी मुद्दाम अर्धी ठेवली होती. 1861 मध्ये येलने तिघांना पीएच.डी. दिली. अमेरिकेत दिल्या गेलेल्या त्या पहिल्या पीएच.डी. त्या तिघांतला एक हा आपला जेम्स मॉरिस व्हिटन! प्रबंध लॅटिनमधला, हाताने लिहिलेला, पानं सहा. विषय काय, तर आयुष्य थोडकं आणि विद्या अफाट, या अर्थाची जुनी म्हण. (सहा पानं वाचून जळफळाट झाला असेल, तर मी तुमच्यासोबत आहे.)

तेव्हा आराखडा लिहिताना तुमच्या 'परंपरे'खाली हे तीन प्रश्न पेन्सिलीने लिहा: खर्च कोणी केला? जागा हीच का? सांगतंय कोण, आणि किती वर्षांनी? सराव म्हणून आपल्याच कॉलेजच्या गॅदरिंगची किंवा करंडकाची जुनी फाइल मागून बघा. कारकून काका कुरकुर करतील, पण पावत्या जपून ठेवलेल्या असतात. भाषणांपेक्षा त्या जास्त बोलतात.