गाविलगड : तोफांच्या आधी वाट

१/ केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यातील असई हे गाव आज जालना जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच मोहिमेचा शेवट मात्र सातपुड्यात झाला आणि तेथे आधी रस्ता बांधावा लागला.

२/ २९ नोव्हेंबरला अडगाव येथे भोसल्यांचा पराभव झाला. त्यांच्या सैन्याचा काही भाग गाविलगडाच्या आश्रयाला गेला. हा गड आजच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्यानजीक आहे. तेव्हा बेनीसिंह तेथे किल्लेदार होता.

३/ गडाच्या दक्षिणेला ताशीव कडे आहेत. उत्तरेला तो पठाराशी जोडलेला आहे. तट फोडायचा, तर जड तोफा त्या पठारावर पोहोचायला हव्यात. पण मेळघाटाच्या रानातून तोफा जातील असा रस्ताच नव्हता. गडाचे निम्मे संरक्षण या दुर्गमतेतच होते.

४/ ७ डिसेंबरला कर्नल स्टीव्हन्सनची फौज अचलपूरहून निघाली. वळसा सुमारे ३० मैलांचा. शिपाई आधी रस्ता तयार करीत आणि मग त्यावरून तोफा व दारूगोळा पुढे नेत. दऱ्याखोऱ्यांतून जवळजवळ सारे अंतर हे ओझे त्यांनी हातांनी ओढले. असे कष्ट आपण पूर्वी पाहिले नव्हते, असे वेलस्लीने आपल्या अहवालात नमूद केले आहे.

५/ १२ डिसेंबरच्या रात्री मोर्चे सज्ज झाले. १३ ला भडिमार सुरू झाला, १४ च्या रात्रीपर्यंत तटाला भगदाड पडले आणि १५ ला गड पडला. बेनीसिंह लढताना मारला गेला. वेलस्लीने दक्षिणेकडूनही तोफा लावल्या होत्या. त्यांचा परिणाम नगण्य ठरला.

६/ १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. भोसल्यांना कटक, बालासोर आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावे लागले. गाविलगड मात्र तहान्वये त्यांच्याकडेच राहिला.

७/ स्टीव्हन्सनच्या फौजेत बहुसंख्य हिंदी शिपाई होते. अहवालात नावे आली ती अधिकाऱ्यांची. गडाची अखेरची झुंज एका दिवसाची; तिच्यामागे पाच दिवसांची ही अनाम मेहनत आहे. म्हणून कोणत्याही वेढ्याचे वर्णन वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : तोफा तिथवर पोहोचवल्या कोणी?